तिखटाची आग आणि रक्ताची वाट

कोराडी म्हटलें कीं कोणास जगदंबेचें देऊळ आठवतें, तर कोणास विजेच्या कारखान्याचीं उंच धुरांडीं. आम्हांस मात्र तेथल्या उन्हाळ्यांतील वर्षाचें तिखट आठवतें. मिरच्या कांडणाऱ्या बाईचे हात सायंकाळपर्यंत लाल होतात आणि त्यांची आग कांहीं केल्या शमत नाहीं. हाताला जखम नाहीं, भाजलेलें नाहीं. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या कां फुलाव्या? या घरगुती प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास शास्त्राला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

संवेदनेचे मज्जातंतु केवळ मेंदूकडे वार्ता पोंचविणारे जासूद आहेत, अशी एकोणिसाव्या शतकांतील विद्वानांची दृढ समजूत होती. १८७६ सालीं स्ट्रिकर यानें या तंतूंचीं मुळें चेतवितांच पायांतील रक्तवाहिन्या सैल झालेल्या पाहिल्या. परंतु त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाहीं. १९०१ सालीं बेलिस या इंग्रज शास्त्रज्ञानें तीच गोष्ट काळजीपूर्वक सिद्ध केली. जासूद निरोप नेतो, आणि त्याच वाटेनें उलट हुकूमही सोडतो, असें निष्पन्न झालें.

हा हुकूम पोंचतो कसा? १९३१ सालीं लंडनमध्यें फॉन ऑयलर व गॅडम यांनीं घोड्याच्या आंतड्यांतून व मेंदूंतून एक अर्क काढला. तो सशास टोंचतांच रक्तदाब उतरला. त्या द्रव्यास पुढें 'सब्स्टन्स पी' असें नांव पडलें. तें अकरा अमिनो आम्लांची लहानशी सांखळी आहे, हें कळावयास १९७१ साल उजाडलें. मज्जातंतु अशीं जीं द्रव्यें सोडतात त्यांना आज न्यूरोपेप्टाइड म्हणतात. त्यांतील सीजीआरपी हें रक्तवाहिन्या सैल करण्यांत अत्यंत प्रबळ आहे, असें १९८५ सालीं दिसून आलें.

किल्लीला कुलूप हवें, तसें या द्रव्यांना ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, लागतात. सब्स्टन्स पीचें कुलूप वाहिनीच्या आंतील अस्तरावर असतें. तें उघडलें कीं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतें व भोंवतालचा स्नायु ढिला पडतो. असा निरोप देणें हें अस्तराचें काम आहे, हें फर्चगॉट यानें १९८० सालीं दाखविलें. सीजीआरपी मात्र बहुधा अस्तरास न विचारतां थेट स्नायूवरील कुलूप उघडतें.

आतां मिरचीकडे वळूं. हंगेरींतील यान्चो यानें दाखविलें कीं मिरचीतील कॅप्सेसिन वारंवार लावल्यास हे तंतु थकतात, आणि मग त्या जागीं लालीही उमटत नाहीं. १९९७ सालीं डेव्हिड ज्यूलियस यानें मिरचीचें कुलूपच शोधून काढलें. तेंच कुलूप सुमारें त्रेचाळीस अंशांच्या उष्णतेनेंही उघडतें. मिरचीस 'आग' म्हणणाऱ्या आपल्या आजीबाई अक्षरशः खरें बोलत होत्या! या शोधाबद्दल त्यास २०२१ चें नोबेल मिळालें.

हें सारें निव्वळ कुतूहल नव्हे. अर्धशिशीनें डोकें धरून अंधाऱ्या खोलींत पडणाऱ्या बाईस 'ढोंग' म्हणून हिणविण्याची रीत आपल्या घरांत होती. १९९० सालीं अशा रोग्यांच्या मानेतील शिरेच्या रक्तांत, ऐन दुखण्याच्या वेळीं, सीजीआरपी वाढलेलें आढळलें. २०१८ सालीं त्याचें कुलूप अडविणारें औषध अमेरिकेंत मान्य झालें. पुढें त्यानें कांहींचा रक्तदाब वाढूं शकतो असा इशाराही द्यावा लागला. कारण ज्या द्रव्यानें वेदना होते, तेंच वाहिन्या मोकळ्या ठेवतें. देहांत शत्रु आणि मित्र असे वेगळे नसतात.

तेव्हां तिखटानें लाल झालेला हात आणि अर्धशिशीनें ठणकणारें कपाळ यांची भाषा एकच. ती नीट ऐकूं येण्यास मात्र आधीं दुसऱ्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवावा लागतो.