पत कोणी ठरवायची? पतपेढीपासून क्रेडिट कार्डापर्यंत

१/ अमेरिकेत क्रेडिट कार्ड हवे असलेल्या माणसाला एक सल्ला वारंवार दिला जातो : बँकेच्या दारी जाण्याआधी एखाद्या क्रेडिट युनियनचे सभासद व्हा. कार्डासाठी सभासदत्व कशाला? बँक तर तशी अट घालत नाही. या अटीमागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची एक वाट हिंदुस्थानातून जाते.

२/ आरंभ जर्मनीतला. १८४६-४७ च्या दुष्काळात फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा एका ग्रामीण भागाचा महापौर होता. दानधर्माने भूक भागते, कर्ज फिटत नाही, हे त्याने पाहिले. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे त्याने कर्जसंस्था उभारली. कर्ज फक्त सभासदाला आणि एकाच्या थकबाकीची जबाबदारी सर्वांवर. गरिबाकडे तारण नव्हते. त्याला ओळखणारे शेजारी मात्र होते. तेच तारण ठरले.

३/ इकडे मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली. दख्खनच्या या दंग्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा प्रश्न सरकारपुढे ठळकपणे आणला. पुढे मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सनने युरोपातील सहकारी पतसंस्थांचा अभ्यास करून रायफायझनच्या मार्गाची शिफारस केली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्या पतपेढ्यांचे मूळ तिथे आहे.

४/ १९०७ मध्ये बॉस्टनचा एक धनाढ्य व्यापारी जगप्रवासात हिंदुस्थानात आला. त्याचे नाव एडवर्ड फाइलीन. बंगालमधील सहकार खात्याचे अधिकारी विल्यम गौर्ले यांच्याकडून त्याने गावोगावच्या पतसंस्थांचे काम समजून घेतले. ही कल्पना त्याच्या मनात रुजली आणि पुढे अमेरिकेतील चळवळीवर त्याने स्वतःचा पैसा खर्च केला.

५/ दुसरी वाट कॅनडातून आली. आल्फोन्स देजार्दँ हे ओटावाच्या संसदेत लघुलेखक होते. १८९७ मध्ये त्यांनी सभागृहात एक हकिकत ऐकली : दीडशे डॉलरच्या कर्जापोटी एका माणसाला पाच हजार डॉलर व्याज भरावे लागले होते. त्यांनी ६ डिसेंबर १९०० रोजी लेव्ही या गावी संस्था स्थापन केली. २३ जानेवारी १९०१ रोजी पहिल्यांदा रक्कम जमा झाली, ती अवघी २६ डॉलर ४० सेंट. संस्थेचा कारभार सुरुवातीला त्यांच्या घरातूनच चाले आणि पत्नी दोरिमेन तो नेटाने सांभाळत.

६/ देजार्दँ यांच्याच मदतीने २४ नोव्हेंबर १९०८ रोजी न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर शहरात अमेरिकेची पहिली क्रेडिट युनियन स्थापन झाली. सभासद होते फ्रेंच भाषक गिरणी कामगार. सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू पिएर हेवे यांचा पुढाकार होता. एक चर्च, एक भाषा, एकाच प्रकारचे कष्ट : ओळखीचा हा धागा पुढे कायद्याच्या भाषेत ‘समान बंध’ झाला.

७/ १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने क्रेडिट युनियनचा कायदा केला. १९२१ पासून फाइलीनच्या पैशावर रॉय बर्गेनग्रेन राज्याराज्यांत फिरून असे कायदे करवून घेऊ लागला. महामंदीच्या काळात, २६ जून १९३४ रोजी रूझवेल्ट यांनी संघीय कायद्यावर सही केली. व्याज दरमहा एक टक्क्याहून अधिक घ्यायचे नाही आणि सभासदांमध्ये समान बंध हवा, ही त्यातील कळीची कलमे.

८/ मग कार्ड आले. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे सुमारे साठ हजार कार्डे न मागता टपालाने घरोघरी पाठवली. कर्ज देण्यासाठी आता माणूस ओळखीचा असण्याची गरज उरली नाही. १९८९ मध्ये फायको गुणांक आला आणि शेजाऱ्याच्या शब्दाची जागा तीन आकडी संख्येने घेतली.

९/ व्याजाचे काय झाले? १९७८ च्या मार्केट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बँक आपल्या मूळ राज्याचा व्याजदर परराज्यातील ग्राहकालाही लावू शकते. साउथ डकोटाने व्याजाची कमाल मर्यादा काढली आणि सिटीबँकेने कार्डांचा व्यवसाय तिथे हलवला. संघीय क्रेडिट युनियनवर मात्र मर्यादा राहिली. १९८७ पासून ती १८ टक्के आहे आणि कार्डालाही लागू होते. सुरुवातीच्या सल्ल्याचे रहस्य बरेचसे या आकड्यात आहे.

१०/ बँकांना ही स्पर्धा खुपणारच. १९८२ पासून नियामकांनी एकाच संस्थेत अनेक वेगवेगळे गट सामावून घेण्यास मुभा दिली होती. बँका न्यायालयात गेल्या आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकल्या. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने नवा कायदा करून क्रेडिट युनियनची बाजू सावरली.

११/ आता कित्येक संस्थांत प्रवेश सोपा आहे. त्या भागात राहणे, ठरावीक ठिकाणी नोकरी असणे, नात्यातले कोणी सभासद असणे, इतकेच नव्हे तर एखाद्या संघटनेला किरकोळ देणगी देणेही पुरते. मग पाच डॉलरसारखी छोटी रक्कम भागापोटी ठेवायची की झाले सभासद. मात्र कार्ड देताना येथेही गुणांक पाहिला जातोच.

१२/ मग समान बंध नुसता नावापुरता उरला का? बराचसा, होय. पण जुन्या बंधाची दुसरी बाजूही विसरता येत नाही : ज्याला कोणी ओळखत नाही असा परका माणूस त्या वर्तुळाबाहेरच राही. दार उघडले तेव्हा ओळख पातळ झाली आणि परक्याला जागा मिळाली. व्याजाची मर्यादा आणि प्रत्येक सभासदाचे एक मत या दोन गोष्टी मात्र टिकून आहेत. खातेदार तिथे अजूनही मालक आहे. पाच डॉलर भरणाऱ्याने आपले ते मत वापरायचे की नुसते कार्ड खिशात घालायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.