जागरणाचा हिशेब : पदवीधर अकाली का मरत होते?

शेंडी खुंटीला बांधून अभ्यासाला बसणारा विद्यार्थी महाराष्ट्राच्या घराघरांत गोष्टीरूपाने वावरला आहे. डुलकी लागली की शेंडीला हिसका बसायचा आणि वाचन पुन्हा सुरू व्हायचे. संस्कृत सुभाषितकारांनीही विद्यार्थ्याच्या लक्षणांत ‘श्वाननिद्रा’ मोजली. त्याच परंपरेतील चरकसंहिता मात्र आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेलाही शरीराचा आधार मानते. हे दुसरे वचन कोणा आजोबांनी परीक्षेच्या आदल्या रात्री नातवाला ऐकवल्याचे सहसा कानावर येत नाही.

एकोणिसाव्या शतकात या जुन्या जागरणाला नवे कारण मिळाले, ते म्हणजे विद्यापीठाची परीक्षा.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे असे; विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांची गाठ जवळजवळ केवळ परीक्षेच्या दालनातच पडे. अनेक विषयांची, परक्या भाषेतून द्यायची ही परीक्षा काही दिवसांत पुढच्या आयुष्याचा निकाल लावी.

१८६२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. ते चौघे होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांपैकी पहिल्या दोघांची गाठ या हकिकतीत पुन्हा पडणार आहे.

रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए., १८६६ मध्ये एल्एल.बी. अशी त्यांची चढती कमान पाठ्यपुस्तकांत असते. तिची किंमत तेथे क्वचितच सांगितली जाते. अतिवाचनाने त्यांचे डोळे ऐन विद्यार्थिदशेतच बिघडले आणि ते दुखणे जन्मभर पुरले. रानडे बी.ए. झाले तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवेसुद्धा नव्हते. ते १८६५ मध्ये आले. ज्या तेलाला मराठी माणसाने ‘रॉक ऑइल’वरून ‘रॉकेल’ केले, ते घरोघरी पोहोचायलाही अजून अवकाश होता. तेलाच्या मिणमिणत्या दिव्याखाली बारीक टाइपाचे इंग्रजी ग्रंथ वाचून ही पिढी पदवीधर झाली. १८७८ मध्ये रानडे नाशिकला न्यायाधीश म्हणून आले तेव्हा ते अवघे छत्तीस वर्षांचे होते. पुढील आयुष्यात रमाबाई आणि इतर मंडळी त्यांना वाचून दाखवीत, यामागे हे जुने दुखणे होते.

डोळे गेले तरी माणूस उरतो. पण या पिढीत माणसेच जाऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्याच पदावर असताना, त्यांचे निधन झाले. वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. या मृत्यूंची कारणे एकच होती असे मुळीच नाही, आणि अतिअभ्यासाने ही माणसे गेली असे म्हणणे हा इतिहास नव्हे. परंतु त्या काळच्या लोकांना ही मालिका दिसत होती आणि ती त्यांना अस्वस्थ करीत होती.

तेलंगांच्या जागी कुलगुरू झाले भांडारकर. १८९४ च्या पदवीदान समारंभातील भाषणात त्यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूचा प्रश्न उघडपणे मांडला. नवपदवीधरांचे अभिनंदन करण्याच्या मुहूर्तावर कुलगुरूंनी मृतांची आठवण काढावी, याला धैर्यच म्हटले पाहिजे. त्याच वर्षी त्यांचे सहाध्यायी रानडे यांनी या विषयावर सविस्तर विवेचन केले. हळहळ व्यक्त करून थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पदवीधरांपैकी किती गेले याची त्यांनी मोजदाद केली आणि समाजवार तुलना केली. पारशी पदवीधरांपेक्षा हिंदू पदवीधरांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसत होते.

मग कारणांचा वाद रंगला. कोणी बालविवाहाकडे बोट दाखवले. संमतिवयाचा कायदा तीनच वर्षांपूर्वी झाला होता आणि त्याची धग निवाली नव्हती. कोणी निकृष्ट आहार, कोणी व्यायामाचा अभाव, कोणी दारिद्र्य पुढे केले. रानडे यांचा रोख मुख्यतः परीक्षांच्या भाराकडे आणि परभाषेतून शिकण्याच्या ताणाकडे होता. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला स्थान मिळावे यासाठी त्यांनी अखेरपर्यंत केलेला खटाटोप या संदर्भात वाचला की त्याला वेगळाच अर्थ येतो. तो भाषाभिमानाचा प्रश्न होताच, शिवाय विद्यार्थ्याच्या प्रकृतीचाही होता.

‘मानसिक आरोग्य’ हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ नव्हता. मेंदूवरचा ताण, अतिश्रम, क्षीणता असे शब्द वापरले जात. या चर्चेचे वेगळेपण असे की एरवी विद्यार्थ्याच्या सवयींवर जाणारा दोष येथे विद्यापीठाच्या रचनेपर्यंत नेण्यात आला. व्यक्तिगत उपाय ठाऊक नव्हता असे नाही. बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष पुस्तके बाजूला ठेवून तालीम आणि पोहणे यांत घालवले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण एक वर्ष असे खर्चणे किती घरांना परवडणार? टिळकांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर अत्यंत गरिबीत शिकले. ते १८९५ च्या जूनमध्ये, म्हणजे या वादानंतर वर्षभरातच, अडतिसाव्या वर्षी दम्याने गेले.

ही मोजदाद जवळजवळ पूर्णपणे पुरुषांची होती, हेही नोंदवले पाहिजे. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. तिचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ती पुढे ऑक्सफर्डला गेली आणि १९५४ पर्यंत जगली. कॉलेजच्या वर्गात एकटीने बसण्याचा ताण कोणत्या रकान्यात मांडायचा, हा प्रश्न १८९४ च्या चर्चेच्या कक्षेत नव्हता.

निफाडपासून जवळच, नाशिक शहरातील म्हसरूळ येथे आज महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ते १९९८ मध्ये स्थापन झाले. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. वर्ग महाविद्यालयांत भरतात आणि परीक्षा विद्यापीठ घेते. १८५७ चा साचा येथे सहज ओळखता येतो. झोपेचा प्रश्न येथे सर्वांत तीव्र होतो तो निवासी डॉक्टरांच्या बाबतीत, कारण ते एकाच वेळी विद्यार्थीही असतात आणि रात्रपाळीचे कर्मचारीही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन सर्वेक्षणात पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी स्वतःला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले. निवासी डॉक्टरांना रोज सात ते आठ तास झोप आणि आठवड्याला एक सुटी मिळावी, अशी शिफारस त्यात आहे. रानड्यांनी मृतांची गणना केली होती. येथे जिवंत विद्यार्थ्यांना विचारले गेले, एवढा पल्ला मधल्या एकशे तीस वर्षांत गाठला गेला.

कामाचे तास किती असावेत, हेही या अहवालाने सांगितले आहे. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने १९९२ मध्ये काढलेल्या आदेशात सर्वसाधारण मर्यादा आठवड्याला ४८ तासांची होती. २०२४ च्या शिफारशीत ती ७४ तासांची आहे.