परवचा, वही आणि अमळनेरचं वसतिगृह

मंडळी, 'गृहपाठ' हा शब्द अलीकडचा, पण घरचा अभ्यास जुनाच. पंतोजींच्या शाळेतून पोरगं घरी आलं, दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की परवचा सुरू. बे एके बे पासून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी. बाजारात दाण्याचा हिशेब तोंडी करायचा तर ते पाठ हवंच. चुकलं तर छडी होती, त्यामुळे त्याचे गोडवे मी गाणार नाही. शिवाय ही घरं मूठभर. कुणब्या-भिल्लांची पोरं तिथं क्वचितच, मुली जवळपास नाहीतच. पण परवचा ऐकायला अक्षरओळख लागत नव्हती. चुलीपाशी बसलेल्या आजीला सतरा पाचे पंच्याऐंशीवरची अडखळ कानानंच कळायची.

वही आली आणि हे बदललं. आता तपासायला घरात वाचता येणारं माणूस हवं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी घ्या (१८८०–१९५१). त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं टिपून घेतली, पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. अशा आईपुढे पोराची वही सहीसाठी ठेवली असती तर अंगठाच उठला असता ना!

मग घरी कुणी शिकवणारं नसलेल्या पोरांचं काय? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, आणि वसतिगृहही त्यांच्याकडे होतं. तिथं ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज स्वतः लिहायचं आणि मुलांनी वाचायचं. गंमत बघा, गृहपाठ शिक्षक करत होता! १९२८ मध्ये त्यातूनच पुढे 'विद्यार्थी' मासिक आलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. लिहून घ्यायची सवय जुनीच होती.

सरकारी कागदावर हा विषय बराच उशिरा आला. १९९३ च्या यशपाल समितीनं सांगितलं, प्राथमिक वर्गांना गृहपाठ नको. द्यायचाच तर घरच्या परिसरात काही शोधायला लावणारा द्या. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत काहीच नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी दिवसाला १ तास, पुढे २ तास. तास मोजले हे चांगलंच. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप अंधार पडल्यावर शेतातून येतात, पोरही सोबत असतं, आणि घरी बोली अहिराणी किंवा लेवा गणबोली. पुस्तकातलं मराठी समजून घेण्यातच त्याचा तो तास जातो.

यशपाल समितीचा गृहपाठ मला म्हणून आवडतो. मोटेला किती बैल लागायचे, नाडा कशाचा असायचा, हे आजीला विचारून ये. तो आजीला तपासताही येईल. बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाई केव्हाच्या हात वर करून आहेत.