लटक्या शस्त्रांचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास म्हटला म्हणजे विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ, अफझलखानाच्या भेटीच्या वेळचीं वाघनखें, पानिपतावरील गारद्यांचा तोफखाना हीं नांवें वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या शस्त्रांनीं रक्त सांडलें त्यांच्या बखरी झाल्या. परंतु ज्यांनीं आजवर कोणाचा केसही वांकडा केला नाहीं, त्या लांकडाच्या, लाखेच्या आणि पुठ्ठ्याच्या शस्त्रांची विचारपूस क्वचितच होते. वास्तविक हीं लटकीं शस्त्रेंही फार जुनीं आहेत, आणि मनुष्यस्वभावाविषयीं तीं जें सांगतात तें खऱ्या तलवारींच्या सांगण्याहून कमी मोलाचें नाहीं.

हा विषय मनांत येण्यास एक लहानसें निमित्त झालें. सोलापुरांत आमच्या शेजारीं यंत्रविद्येचा एक विद्यार्थी राहतो. विज्ञानकथांत आणि चित्रपटांत दिसणारीं किरणास्त्रें फावल्या वेळीं हातानें घडविण्याचा त्याला छंद आहे. त्याचे आजोबा येथील एका कापडगिरणींत मागावर काम करीत असत. गिरणी बंद पडली, तेव्हां एक झिजलेला धोटा त्यांच्याजवळ राहिला. तो कित्येक वर्षें ट्रंकेंत कपड्यांच्या घडीखालीं जपून ठेवलेला होता. नातवानें किरणास्त्रासाठीं तो मागितला आणि म्हातारे संतापले. “ज्याच्यावर चार लेकरं वाढवली, त्याची बंदूक करतोस होय रे?” असें ते म्हणाले, आणि तीन दिवस आजा-नातवांचें बोलणें बंद राहिलें. चौथ्या दिवशीं त्यांनीं मला मध्यस्थ म्हणून बोलाविलें. माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हतें. तें शोधीत असतां जें हातीं लागलें तेंच येथें मांडीत आहें.

आपल्याकडील जुनी आणि भक्कम साक्ष भरताच्या नाट्यशास्त्राची आहे. आहार्याभिनयाच्या अध्यायांत भरतानें रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंस ‘पुस्त’ असें नांव देऊन त्यांचे संधिम, व्याजिम आणि वेष्टिम असे प्रकार केले आहेत. म्हणजे चटया, कातडें, वस्त्र इत्यादि जोडून केलेल्या, यंत्राच्या युक्तीनें हलणाऱ्या, आणि गुंडाळून आकार दिलेल्या. शस्त्रांचीं मापेंही त्यानें दिलीं आहेत. तलवार 40 अंगुळें, म्हणजे सुमारें अडीच फूट; चक्र 12 अंगुळें. परंतु मापें खरीं ठेवून द्रव्य मात्र खरें ठेवूं नये, असा त्याचा दंडक आहे. लोखंडाचीं जड शस्त्रें घेतल्यास नट थकून जाईल. म्हणून लाख, बांबू, चटई, वस्त्र असल्या हलक्या पदार्थांनीं तीं करावीं. याहूनही महत्त्वाचा नियम पुढें येतो. रंगावर शस्त्र सोडूं नये, छेद-भेद करूं नये. नुसता स्पर्श किंवा नुसता संकेत करावा. आकृति शस्त्राची, पण आघाताचा अभाव, ही लटक्या शस्त्राची व्याख्याच भरतानें करून ठेविली आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ 1843 सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकानें झाला. भावे स्वतः हातांत कला असलेले गृहस्थ. लांकडाच्या बाहुल्या घडविण्यांतही ते कुशल होते. स्वयंवराच्या कथेचें सारें मर्म एका धनुष्यांत आहे. रावणास तें उचलत नाहीं, रामाच्या हातीं तें मोडतें. तें धनुष्य अगोदर कोणी कारागिरानें केल्याशिवाय रामाचा पराक्रम घडणार कसा? पौराणिक नाटकांतील राक्षसपार्टी हातीं तलवारी घेऊन आरडाओरड करीत रंगावर येई, तेव्हां मुलें आईच्या पदराआड लपत. पण त्या तलवारीची धार पहिल्या रांगेंतील प्रेक्षकासही लागत नसे. अग्न्यस्त्र, वरुणास्त्र, ब्रह्मास्त्र यांच्या वर्णनांवर वाढलेल्या समाजास कल्पित शस्त्र ही नवी गोष्ट नव्हती. आजचें किरणास्त्र त्याच कुळांतलें धाकटें भावंड होय.

पुढें मात्र एक नवीन प्रकरण सुरू झालें. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत 1878 सालीं हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावांचून खरें शस्त्र बाळगणें गुन्हा ठरला. ज्या देशांत दसऱ्यास घरोघर शस्त्रपूजा व्हावयाची, तेथें पुष्कळ घरीं पूजेस लेखणी आणि कारागिराचीं हत्यारेंच उरलीं. अशा काळीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढावयास घेतला. 3 मे 1913 रोजीं तो मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत लागला. त्याच्या चित्रणाच्या वेळची एक हकीकत सांगतात. मुंबईबाहेर एका गांवीं नटमंडळी ढालतलवारी आणि भाले घेऊन पुढें गेली. गांवकऱ्यांस वाटलें, दरोडेखोर आले. पाटलास वर्दी पोंचली, फौजदार आला, आणि हरिश्चंद्राचे सर्व सेवक चौकींत जमा झाले. फाळके यांनीं येऊन उलगडा केला तेव्हां त्यांची सुटका झाली. ही गोष्ट ऐकून आपण हंसतों. पण तींत एक गंभीर सूचना आहे. लटकें शस्त्र रंगमंचावर असतें तोंपर्यंत तें लटकें. रस्त्यावर आलें कीं पाहणाऱ्याचें भय खरें असतें.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचें उदाहरण दुसऱ्या टोंकाचें आहे. नाटकांचे पडदे रंगविणारे हे कलावंत. त्यांचे बंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 सालीं निवर्तले. पुढें दामले यांच्या साहाय्यानें बाबूरावांनीं तो कॅमेरा सिद्धीस नेला आणि 1920 सालीं ‘सैरंध्री’ चित्रपट लोकांपुढें आला. त्यांतील कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें कीं प्रेक्षकांस तें सोसवेना, आणि तो भाग गाळावा लागला. कारागिराचा हा विजयच; पण भरताचा संकेताचा नियम मोडल्याचा दंडही त्यांतच होता.

पश्चिमेकडे या कुळाची शाखा निराळ्या रीतीनें वाढली. एच. जी. वेल्स यानें 1898 सालच्या आपल्या कादंबरींत मंगळवासीयांच्या हातीं उष्णकिरणांचें यंत्र दिलें. 1934 सालीं अमेरिकेंत बक रॉजर्स या कथानायकाचें पत्र्याचें पिस्तूल खेळणें म्हणून विकावयास आलें. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील प्रकाशखड्गाची जन्मकथा तर फारच बोधप्रद आहे. रॉजर ख्रिश्चन या सजावटकारानें जुन्या वृत्तपत्री कॅमेऱ्याच्या झगमगाटी दिव्याची नळकांडी मूठ दुकानांतून शोधून काढली. तिच्यावर कपाटाच्या दारास लागणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे तुकडे चिकटविले, आणि गणकयंत्राच्या भिंगांची एक पट्टी बसविली. एवढ्या सामग्रीवर आकाशगंगेंतील योद्ध्यांचें शस्त्र सिद्ध झालें. पांच वर्षांनीं, 1982 सालीं, ‘ब्लेड रनर’ चित्रपटांतील पिस्तुलासाठीं मात्र खऱ्या बंदुकीचे आणि खऱ्या रिव्हॉल्व्हरचे भाग जोडण्यांत आले. एकाच विद्येच्या या दोन वाटा आहेत: एक निरुपयोगी झालेल्या वस्तूस नवा जन्म देते, दुसरी खऱ्या शस्त्रास नुसता मुखवटा चढविते. मला पहिली अधिक रसिकतेची वाटते.

येथें सोलापूरचा संबंध येतो. 1877 सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली, आणि या गांवाची घडी गिरणीच्या भोंग्यावर बसली. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धोटा, कांडी, फणी हे शब्द ज्यांच्या जिभेवर होते त्यांचीं नातवंडें संगणकासमोर बसूं लागलीं. धोट्याची घडण पाहिली तर तो एखाद्या लहान नौकेसारखा आहे: दोन्ही टोंकांस धातूची चोंच, मध्यें कांडी बसावयाची पोकळी, आणि हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलें कठीण लांकूड. मागावर तो क्षणांत या कडेहून त्या कडेस जाई. चुकून सुटला तर कामगारास जबर दुखापत करी. म्हणजे हिंसेचा अंश त्या निरुपद्रवी हत्यारांतही होता, आणि आजोबांस तो ठाऊक होता. त्यांचा राग शस्त्राविषयीं नव्हता. आपल्या आयुष्याचें खेळणें होतें कीं काय, हें भय होतें.

मीं त्यांस भरताचा नियम सांगितला. नातवास फाळक्यांच्या नटांची गोष्ट सांगितली, आणि हेंही सांगितलें कीं आजचा 1959 सालचा कायदा नकली बंदुकीची खरी करण्यास परवान्यावांचून मनाई करतो. तेव्हां नळी भरीव ठेव, रंग असा दे कीं अंधारांतही कोणास भ्रम होऊं नये, आणि तें घेऊन रस्त्यावर हिंडूं नकोस. त्यानें मानलें. आजोबांनीं आपली एक अट घातली: धोट्यास करवत लावावयाची नाहीं, भोंक पाडावयाचें नाहीं.

ही अट त्या मुलास प्रथम जाचक वाटली. पण तिनेंच त्याच्या कामास शिस्त आणली. त्यानें सागाच्या लांकडाची मूठ निराळी केली, तिला खोबण दिली, आणि धोटा तींत असा बसविला कीं तो केव्हांही अखंड बाहेर काढतां यावा. पोकळींत कांडीच्या जागीं कांचेची नळी आली, तींत निळा दिवा. मूठ घासण्याचें काम अखेरीस आजोबांनींच आपल्याकडे घेतलें. लांकडाच्या रेषेच्या उलट घासूं नये, हें त्यांनीं नातवास तीन वेळां सांगितलें.

परवां मीं तें किरणास्त्र हातीं घेऊन पाहिलें. तें हलकें आहे. भरताच्या नटास चाललें असतें. आजोबांनीं तें माझ्याकडून घेतलें, धोटा मुठींतून काढला, तळहातावर क्षणभर तोलला, आणि पुन्हां होता तेथें बसविला.