मुक्काम पोस्ट बुऱ्हाणपूर

पाहुणे आले की आम्ही बुऱ्हाणपूरकर त्यांना शाही किल्ला दाखवतो, हमामखाना दाखवतो, जामा मशिदीवरचा संस्कृत लेख दाखवतो आणि मुमताजची कहाणी सांगतो. हे सगळे खरेच आहे. पण हे गाव जितके राजवाड्यांचे, तितकेच मुक्कामाचे. सुरतेहून आग्र्याकडे जाणारी जुनी वाट इथून जायची. दक्षिणेतून नर्मदा ओलांडायला निघालेली फौज इथे दम घ्यायची. पण इथे आलेल्या माणसांच्या रात्री कशा जात, याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

हा विषय सुचायला कारण घडले ते आपल्याच मंडळींच्या लेकरांचे. अमेरिकेत असलेली मुले सुट्टीत चाकांवरचे घर भाड्याने घेतात, रानात किंवा तळ्याकाठी थांबतात आणि आईला फोनवर सांगतात, "इथे विजेची जोडणी नाही, नळ नाही, जनरेटर लावायचा नाही, तरी रात्र छान गेली." आईला काळजी वाटते. आम्हाला मात्र वाटले, की हा तर आपल्याच गावचा जुना धडा आहे. तो इथे कोणी चांगला गिरवला, कोणाला जमला नाही, आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते यंदाच्या स्मरणिकेत मांडावे.

सुरुवात न जमलेल्यापासून करू. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपुरात आला. तेव्हा शहजादा परवेझ इथे होता. कोतवालाने निशाणे नाचवत वकिलाचे स्वागत केले, सराईच्या दारापर्यंत पोहोचवले आणि निरोप घेतला. सराईचा दर्शनी भाग दगडी, देखणा. आत मात्र रोच्या वाट्याला चार खोल्या आल्या. त्या भट्टीएवढ्याच, भट्टीसारख्याच वरून गोल आणि विटांच्या होत्या, असे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. साहेब भलताच रागावला. गाव सोडून जातो असे त्याने कोतवालाला कळवले. शेवटी आपल्याबरोबरच्या तंबूंचाच त्याला आसरा वाटला.

रोचा राग समजतो, पण त्याचे निदान आम्हाला पटत नाही. सराईची खोली झोपायला कमी आणि सामान ठेवायला जास्त. जाड भिंत, घुमटी छप्पर, एकच दार. माल सुरक्षित, दुपारी सावली गार. रात्री मात्र दिवसभर तापलेली वीट ऊब सोडत राहते. आपल्या सिंधीपुऱ्यातल्या जुन्या घरांत राहिलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात घर दुपारचे आणि अंगण रात्रीचे. बाज बाहेर काढायची, चादरीवर पाण्याचा हबका मारायचा आणि पहाटेचा वारा लागला की गोधडी ओढायची. रोला सांगणारे कोणी भेटले नसावे. पुढे इथेच त्याला तापाने गाठले आणि तो आजारीच पुढच्या वाटेला लागला.

गंमत अशी, की ज्या १६१५ साली साहेब खोलीवरून रुसला, तेच साल आपल्या कुंडी भंडाऱ्याचे सांगितले जाते. अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमदानीतले हे काम. इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारात अडवायचे आणि नुसत्या उताराने गावात आणायचे. वर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या. त्यांतून हवा आणि उजेड खाली जातो, गाळ काढायला माणूस उतरू शकतो. ना रहाट, ना बैल, ना पंप. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी ते पहिल्यांदा आत उतरून पाहिले, हेही खरे. वाटसरूला आयते, गाळलेले, गार पाणी मिळाले की मुक्कामाचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे त्याने स्वतः करायचे.

ते कसे करावे याचे दोन टोकांचे नमुने या वाटेवर होते. एक बादशाही, दुसरा बंजाऱ्यांचा.

बादशाही मुक्कामाचा हिशेब अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त देऊन ठेवला आहे. एका मुक्कामाचे सामान न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. तंबू उभारायला १००० फर्राश, वाट सारखी करायला ५०० बेलदार, १०० भिस्ती आणि झाडलोटीला १५० माणसे. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एकात झोपलेला असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होई. अंधारात आपला डेरा सापडावा म्हणून चाळीस गजांची काठी सोळा दोरांनी ताणून तिच्यावर मोठा दिवा टांगत. त्याला आकाशदिया म्हणत. पिण्याचे पाणी गार करायला सोरा मिसळलेल्या पाण्यात सुरई फिरवत. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून खोल्या गार करत. वाळ्याचे पडदे आपल्याही घरांत कूलर येईपर्यंत होतेच.

या सगळ्याला कापड लागे, आणि कापड म्हटले की बुऱ्हाणपूर. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत सतराव्या-अठराव्या शतकातले फुलझाडांची नक्षी रंगवलेले कनातींचे पट्टे आहेत, त्यांपैकी कित्येक इथले असावेत असे जाणकार मानतात. सिंधमधून येऊन इथे स्थिरावलेल्या लोकांवरून सिंधीपुऱ्याला नाव पडले. त्यांत सूफी विद्वान होते, तसे विणकरही होते. आजही या भागात रात्री झोपताना कानावर मागाची खटखट असते. बादशहाच्या भिंती कापडाच्या होत्या आणि त्या विणणारे हात आपल्या शेजारच्या गल्लीतले होते, ही आठवण आम्हाला ताजमहालाच्या आठवणीपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

दुसरा नमुना बंजाऱ्यांच्या तांड्याचा. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला १४,००० बैलांचा तांडा भेटला. सगळ्या बैलांवर धान्य. बरोबर बायका, पोरे, सगळा संसार. दिवसाला सहा-सात मैलांहून जास्त चाल नाही, तीही उन्ह नसताना. मुक्काम आला की बैलांची पाठ मोकळी करून त्यांना चरायला सोडायचे. उतरवलेल्या गोण्यांची थप्पी रचून तटबंदी करायची. चोराला अडवायला तीच आणि वाऱ्याला अडवायलाही तीच. आत चूल, राखणीला कुत्री. हत्ती नाहीत, फर्राश नाहीत. जे ओझे दिवसा वाहायचे, त्याचेच रात्री घर करायचे. आमच्या मते मुक्कामाची खरी विद्या हीच, आणि तिचे पहिले कलम म्हणजे थोडे चालणे. दमून, अंधारात, भलत्या जागी पोहोचलेल्याला कसलीच सोय पुरत नाही. अमेरिकेतल्या मुलांनाही आम्ही हेच सांगू: उजेड असताना पोहोचा, जागा पायांनी फिरून पाहा, नदीच्या पात्रात आणि खोलगटात उतरू नका. पावसाचे पाणी आणि थंडीची हवा दोन्ही तिथेच साचतात. सकाळची सावली कुठे पडेल ते संध्याकाळीच बघा.

आपल्या खानदेश-निमाडातली दमणी ही या विद्येची घरगुती आवृत्ती. वरती तट्ट्याचे छत, आत कडब्यावर गोधडी, आसाला टांगलेला कंदील, बाजूला पाण्याची छागळ. जाड कापडाच्या छागळीतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडते आणि आतले गार राहते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जितकी लू जास्त तितके पाणी गार. मुंबईच्या दमट हवेत हीच छागळ निरुपयोगी ठरते, हे कोकणातून आलेल्या आमच्या सुनांनी लगेच ओळखले होते! पुढे ट्रक आले तेव्हा बैलगाडीची छागळ सरळ ट्रकच्या पुढ्यात जाऊन लटकली.

मराठ्यांच्या फौजा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी हेलकावत राहिल्या. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुऱ्यावर छापा घातला, तो ओझे न बाळगता आलेल्यांचा छापा होता. थोरल्या बाजीरावांच्या घोडदळाची ताकदही तंबूंच्या अभावात होती. घोंगडी अंगावर, भाला जमिनीत आणि घोडा भाल्याला. हे बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीच्या छावणीतच तापाने गेले. शिंद्यांनी बांधलेली त्यांची समाधी आपल्या गावापासून फार दूर नाही. मंडळाच्या सहलीत एकदा तरी तिथे जावे. वीस वर्षांनी चित्र पालटले. उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि त्याच १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून निघालेले भाऊसाहेब याच वाटेने नर्मदेकडे गेले. या खेपेला डेरे होते, जड तोफखाना होता, बायकामाणसे होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. पानिपताची कारणे अनेक आहेत आणि त्यावर आपल्या कट्ट्यावर दर जानेवारीत वाद होतो. पण एवढा संसार रोज संध्याकाळी मांडायचा आणि सकाळी मोडायचा म्हणजे चाल मंदावणारच. पुढे त्या सगळ्यांना खायला कुठून घालायचे, हा प्रश्न जीवघेणा ठरला.

खाण्याचा हा प्रश्न या वाटेवर त्याआधीही येऊन गेला होता. १६३० साली गुजरात आणि दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. शाहजहान तेव्हा खानजहान लोदी आणि निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. त्या वर्षाच्या अखेरीस मंडी सुरतेहून याच वाटेने आला. वाट प्रेतांनी अर्धी अडली होती. नंदुरबारला त्याच्या लहानशा तंबूसाठी जागा सापडेना, कारण सगळीकडे मेलेली माणसे पडलेली. बुऱ्हाणपूरच्या बाजारात मात्र माल होता, कारण इथे बादशहाची छावणी होती आणि तांडे तिच्यासाठी धान्य आणत होते. इथे वाळ्याचे पडदे भिजत होते आणि चार मुक्काम पलीकडे माणसे उपाशी मरत होती. त्याच छावणीच्या दिवसांत, जून १६३१ मध्ये, मुमताज बाळंतपणात गेली. तिच्यासाठी सगळे रडतात. नंदुरबारच्या वाटेवरच्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत.

आणि ज्यांच्या बैलांवर हे सगळे चालले, त्या बंजाऱ्यांचे काय झाले? १८६० च्या दशकात आगगाडी आली, आपले स्टेशन लालबागला झाले, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. बैलाच्या पाठीवरच्या धान्याला गिऱ्हाईक उरले नाही. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटकणे हाच संशय ठरला. ज्यांनी शेकडो वर्षे उघड्यावर मुक्काम केला, त्यांना आता मुक्कामासाठी पोलिसपाटलाकडे हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरांसाठी वाहनतळ, पाणी, वीज, स्वच्छतागृहे यांची त्यात तरतूद आहे. चांगले धोरण आहे. आपल्यापैकी निवृत्त मंडळी त्याचा लाभ घेतील. पण दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या तांड्यांतून बैलगाड्या आणि ट्रक भरून ऊसतोड कामगार साखर कारखान्यांकडे निघतात. कारखान्याच्या माळावर पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. नळ लांब, दिवा बॅटरीचा. पहाटे तीनला उठून फडात जायचे आणि दिवसभर मोळ्या वाहून रात्री त्याच कोपीत पाठ टेकायची. पाच-सहा महिने.

त्या कोपीतली बाई चूल वाऱ्याच्या आड मांडते, पाण्याचा माठ सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि लेकराची झोळी अशा कोनात बांधते की सकाळचे ऊन त्याच्या तोंडावर येऊ नये.