लाकडाला दिव्याजवळ जागा कधी मिळाली?

हाताने घडवलेल्या लाकडी दिव्यांची सध्या शहरांत मोठी हौस आहे. लाखेने रंगवलेले गोल दिवे, जाळीदार छत्र्या, कातीव खांबांचे टेबल-दिवे ‘पारंपरिक’ म्हणून विकले जातात. त्यामागचे लाकूडकाम परंपरेचे आहे, यात शंका नाही. पण लाकडी दिवा फारसा जुना नाही. आपल्या पणजीच्या घरात ज्योतीभोवती लाकूड गुंडाळण्याचे धाडस कोणी केले नसते.

शब्दच याची साक्ष देतात. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मी दिव्यांचे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. ‘कंदील’ अरबीतून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘कँडेला’. ‘फानूस’ मुळात ग्रीक. ‘शमा’ अरबी, ‘दान’ फारसी. मराठीने त्याचे ‘शामदान’ केले. या वस्तू मातीच्या, पितळेच्या, काचेच्या. सूरह नूरच्या प्रसिद्ध आयतीत कोनाडा आहे, दिवा आहे, काच आहे. झाडही आहे, पण तेलापुरते! लाकडाची जागा दिव्याखाली, ‘दीवट’ म्हणून. किंवा वर, कंदील टांगायच्या तुळईत. आगीच्या भीतीने ते ज्योतीपासून अंतर राखूनच राहिले.

लाकूड प्रकाशाशी खेळले ते दिवसाउजेडी. कैरोच्या जुन्या घरांतली मशरबिया पाहा. कातलेल्या लाकडाचे शेकडो लहान तुकडे एकमेकांत अडकवून ही जाळी उभी राहते. खिळे टाळतात, कारण हवामानाप्रमाणे लाकूड फुगते-आकसते आणि त्याला हलायला जागा लागते. काश्मीरची पिंजराकारी त्याच जातीची. तिथे हिवाळ्यात थंडी अडवायला जाळीवर कागद चिकटवत. जाळी, तिच्यावर कागद आणि त्यातून झिरपणारा उजेड. आज दिव्याची छत्री म्हणून विकला जातो तो हाच नमुना. सूर्याच्या जागी बल्ब आला एवढेच. मशरबियाची लाकडे कातणाऱ्याला अरबीत ‘खर्रात’ म्हणतात. आपला ‘खरादी’ त्याच घराण्यातला शब्द. मराठीत त्याच कामाला कातारी.

खराद्यांचे गाव म्हणून मला चन्नपट्टण जवळचे वाटते. बेंगळुरूहून म्हैसूरच्या वाटेवर, सुमारे 60 किलोमीटरवर. कारागिरांत मुस्लिमांची संख्या मोठी आहे. रंगकामात बायकाही आहेत. काळ्या कुड्याचे हलके, पांढरट लाकूड वाळवून खरादावर चढवतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीचे पान दाबून चकाकी आणतात. ब्रश लागत नाही, रंग वाळायची वाट पाहावी लागत नाही.

अडचण इथेच होती. लाख साधारण 75-80 अंशांना मऊ पडते. 60 वॅटच्या जुन्या बल्बची काच 100 अंशांच्या वर तापते. ज्या उष्णतेने रंग चढतो, तिनेच तो खराब होणार. म्हणून बल्ब येऊनही खरादी खेळणी आणि डब्यांतच राहिले. ही कोंडी फोडली एलईडीने. 1990च्या दशकात निळा एलईडी आला, त्यातून पांढरा प्रकाश शक्य झाला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी 2014चे नोबेल मिळाले. 2015मध्ये ‘उजाला’ योजना आली आणि 9 वॅटचा एलईडी बल्ब साध्या घरांत पोहोचला. ऊब कमी, म्हणून लाकूड जवळ. प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांनी खराद्याचा बाजार खाल्ला होता, त्याच सुमारास त्याला ही नवी वस्तू मिळाली.

चन्नपट्टणचे नाव काढले की टिपू सुलतान येतोच. इराणी कारागीर बोलावून त्यांनी ही कला रुजवली, अशी आख्यायिका आहे. पुढे बावस मियाँ यांनी जपानी खेळण्यांचे तंत्र इथे आणले, असेही सांगतात. कर्नाटक सरकारने 2015 साली टिपू जयंती सुरू केली, 2019 साली बंद केली. दोन्ही वेळा केवढा कोलाहल झाला. टिपूचे नाव घेऊन भांडणाऱ्यांनी खराद्याची मजुरी विचारली असती, तर मला बरे वाटले असते. 2005-06मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन दिवसाची रोजी ठरवत नाही. ती ठरते आपण दुकानात घासाघीस करतो तेव्हा.

गेल्या वर्षी मुलींच्या अभ्यासाच्या मेजावर मी असाच लाखेचा दिवा टांगला. घेताना जोडीतले दोन दिवे शेजारी ठेवून पाहिले. हाताच्या कामात घेर किंचित कमी-जास्त असतो. अगदी तंतोतंत जुळे असतील तर मला संशय येतो. लाख खरी की तेलरंग, हे दुकानदाराच्या परवानगीने आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवून कळते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, रंग बोळ्यावर येतो. म्हणूनच असा दिवा सॅनिटायझरने पुसू नये. कोरडे फडके पुरे, जाळीला मऊ ब्रश.

बसवताना दिव्याचे वजन छतातल्या हुकावर हवे, वायरीवर नको. छत्री वरून बंद असेल तर घेऊ नये. एलईडीचीही थोडी ऊब असते, ती निघून जायला वाट हवी. मेजापासून अडीच फुटांवर टांगला की डोळ्यांवर चमक येत नाही. प्रकाश पिवळसर घ्यावा, 2700 केल्विनचा; पांढऱ्याफटक उजेडात लाखेचा लाल रंग मेल्यासारखा दिसतो. आणखी एक गोष्ट. निर्यातीसाठी केलेल्या दिव्यांना बहुधा आट्यांचा होल्डर असतो, आपल्या घरातले बल्ब पिनांचे. वायरमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो होल्डर बदलण्यासाठी लाकूडच कोरायला घेतो.