एफ-१ च्या बटणामागचा इतिहास

व्यासांनी महाभारत सांगायचे आणि आपल्या गणरायाने ते लिहून घ्यायचे, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गणपतीची अट होती की सांगणे मध्ये थांबता कामा नये. व्यासांची उलट अट होती की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. दफ्तरात संगणकापुढे बसलो की मला ही दुसरी अट नेहमी आठवते. संगणकाच्या जगातही समजल्याशिवाय लिहिता येत नाही असा एक लेखनप्रकार आहे. त्याचे नाव 'हेल्प फाइल'. एफ-१ चे बटण दाबल्यावर जे उघडते, ते. या उपेक्षित लेखनाचा इतिहास यंदा वाचकांपुढे ठेवतो.

त्याचे मूळ आहे 'हायपरटेक्स्ट' या कल्पनेत, म्हणजे एका मजकुरातून दुसऱ्या मजकुरात उडी मारण्याची सोय. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'मेमेक्स' नावाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. त्यात वाचक कागदपत्रे एकमेकांना जोडत जाणार होता. १९६५ साली टेड नेल्सनने 'हायपरटेक्स्ट' हा शब्द छापील लेखात वापरला. डिसेंबर १९६८ मध्ये डग्लस एंगेलबार्टने सॅन फ्रान्सिस्को येथे पडद्यावर, माऊसच्या साहाय्याने, हे प्रत्यक्ष करून दाखवले.

पण मराठी माणसाला ही कल्पना अगदीच परकी नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदींत 'पहा' असे लिहून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते. संगणकाने एवढेच केले, की पान उलटण्याचे आपले कष्ट वाचवले.

१९९० साली विंडोज ३.० आले आणि त्याबरोबर 'विनहेल्प' आले. ही फाइल बनवण्याची पद्धत मोठी गमतीची होती. लेखक मजकूर वर्डमध्ये लिही आणि खुणा तळटीपांतून करी. # ची तळटीप म्हणजे त्या पानाची ओळख, $ ची म्हणजे शीर्षक, के अक्षराची म्हणजे सूचीतील शब्द. ज्या शब्दावर टिचकी मारून दुसऱ्या पानावर जायचे, त्याला दुहेरी अधोरेखा. अर्थाची छोटी चौकट उघडायची असेल तर एकेरी. त्या शब्दाला लागूनच, लपवलेल्या अक्षरांत, जिथे जायचे त्या पानाची ओळख. मग हे सर्व कंपायलरमधून काढले की एक .एचएलपी फाइल तयार होई. आमच्या भैरवगढात छिपा कारागीर रेषेचा ठसा वेगळा आणि रंग भरायचा ठसा वेगळा ठेवतात, एकेकटा पाहिला तर नक्षी कळत नाही. तसेच हे.

एक तळटीप चुकली की उडी भलतीकडे जाई. हे किचकट काम सोपे करण्यासाठी १९९२ साली ब्लू स्काय सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने 'रोबोहेल्प' आणले. पुढे या कंपनीचे नाव ईहेल्प झाले, २००३ मध्ये ती मॅक्रोमीडियाने घेतली आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीकडे गेली. मधल्या काळात बाहेर पडलेल्या काही जुन्या मंडळींनी 'मॅडकॅप' ही नवी कंपनी काढली. रोबोहेल्प संपले असे वाटत असताना अ‍ॅडोबीने ते पुन्हा उभे केले, आणि ते काम केले भारतातील चमूने.

दरम्यान १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एचटीएमएल हेल्प' काढले, ज्याची फाइल .सीएचएम. इथे आपल्या भाषेची अडचण सुरू होते. पानावर देवनागरी नीट दिसे, पण अनुक्रमणिका आणि सूची जुन्या सांकेतिक तक्त्यांवर चालत. जगातील अनेक लिप्यांसाठी असे तक्ते होते, देवनागरीसाठी विंडोजमध्ये नव्हता. देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून. परिणामी मराठी किंवा हिंदी हेल्प फाइलच्या अनुक्रमणिकेत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. पुस्तक मराठीत, पण अनुक्रमणिका कोरी! मदत इंग्रजीतच का असते, याचे एक कारण हेही होते.

मी पदविका घेऊन नोकरीला लागलो तेव्हा आमच्या दफ्तरात एक जुनी प्रणाली होती. तिची हेल्प इंग्रजीत होती, म्हणून कोणी उघडत नसे. आमच्या बडे बाबूंनी स्वतःची वही केली होती. हिंदीत, निळ्या शाईने. 'रसीद अटक जाए तो पन्ना १४ देखें.' पान १४ वर गेलात की तिथून पान ३१. संगणकाचा एकही कोर्स न केलेल्या माणसाने हायपरटेक्स्ट लिहिले होते, आणि समजून लिहिले होते.

पुढे नवे संगणक आले. विंडोज व्हिस्टापासून विनहेल्प सोबत येईनासे झाले. काही वर्षे ते वेगळे उतरवून घेता येत असे. विंडोज १० साठी तीही सोय राहिली नाही. आमची .एचएलपी फाइल मुकी झाली. वाटले, वही तर आहे. पण बडे बाबू निवृत्त झाले होते आणि वही दफ्तराच्या साफसफाईत रद्दीत गेली होती. एका जुन्या नोंदीसाठी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी तोंडपाठ सांगितले. यंदा ते आपल्यात नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या मंडळातही असे पुष्कळ ज्ञान मोजक्या ज्येष्ठांच्या डोक्यात आहे. मंडपाची परवानगी कशी घ्यायची, पूजेचे साहित्य कुठून आणायचे, प्रसादाचे प्रमाण किती. ते त्यांच्याजवळ बसून, नीट समजून, मराठीत लिहून घेऊ. प्रत्येक विषयाखाली 'पहा' लिहू, एक प्रत कागदावर ठेवू आणि एक संगणकावर. मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. पहिल्या पानाचे शीर्षक आहे 'मदत'.

गणपती बाप्पा मोरया!